आमदाराच्या लेटरहेडवर चालेल का?

प्रश्न : आम्ही वरुड तालुक्यातल्या एका गावात राहतो. लेक जन्मली अमेरिकेत, ओहायोत. ती सहावीत असताना सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा संत्र्याची बाग सांभाळायला आम्ही परत आलो. यंदा तिची बारावी झाली. ऑगस्टमध्ये ती अलाबामा विद्यापीठात बी.ए.ला जाते आहे. तिला तिथल्या सोरोरिटीत, म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या मुलींच्या मंडळांपैकी एखाद्यात, जायचं आहे. त्यासाठी म्हणे प्रत्येक मंडळाच्या माजी सदस्येचं शिफारसपत्र लागतं. अशी बाई मी इथं कुठून आणू? सासूबाई म्हणतात, "कायले एवढी चिंता करतं व? आणून देऊ ना आमदाराचं पत्र!" पोरगी रात्र-रात्र गच्चीवर रेंज शोधत अनोळखी बायकांना मेसेज टाकत बसते. तिचा रेझ्युमे सोबत जोडला आहे.

उत्तर : ताई, सासूबाईंना हसू नका. आपल्याकडे शिफारस म्हणजे तेच. होस्टेलची जागा असो की बदली, लेटरहेडवर चार ओळी : 'सदर उमेदवार माझ्या परिचयाची असून...' उमेदवाराचं तोंडही साहेबांनी पाहिलेलं नसतं. आणि तुमची लेक गच्चीवर बसून जे करते आहे तेही तेच आहे, फक्त आमदाराच्या जागी टेनेसीची कुणी मॅडम.

हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मी स्वतः ते केलं आहे. हिंगणघाटहून थेट अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका कॉलेजात गेले तेव्हा काकूच्या मैत्रिणीच्या शेजारणीकडून असंच एक पत्र मिळवलं होतं. त्या बाईंनी मोठ्या मनानं लिहून टाकलं, 'या मुलीला मी कित्येक वर्षं ओळखते.' निवडीच्या दुसऱ्या फेरीत, सोरोरिटीच्या मुली राहतात त्या घरी, चहाच्या टेबलावर तिथल्या एका मुलीनं हसत विचारलं, "मग त्यांचा कुत्रा आता कसा आहे? ऑपरेशन झालं ना त्याचं?" ती त्या पत्र लिहिणाऱ्या बाईंच्याच गल्लीत वाढलेली. त्यांच्याकडे कुत्रा आहे हेच मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "छान आहे." कुत्रा आधीच्या महिन्यात गेला होता. त्या घरातून मला पुढचं बोलावणं आलं नाही, आणि खरं सांगायचं तर यायलाही नको होतं.

मुळात 'पत्र' हा शब्दच फसवा आहे. मुलीच्या हातात काही येत नाही, पाकीट घेऊन कुठं जायचं नसतं. माजी सदस्या आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावर फॉर्म भरते : मुलीला कधीपासून ओळखते, कशी ओळखते, ती काय करते. तो सरळ मंडळाकडे जातो. सोरोरिटीच्या भरतीसाठी विद्यापीठात जी नोंदणी करायची, तिच्याशी त्याचा संबंध नाही. नोंदणी मुलीनं स्वतः करायची, फी भरायची, झालं. शिवाय अटही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही १९०२ साली स्थापन झालेली शिखर संघटना. तिच्यात २६ सोरोरिटी आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणींनी २०२० च्या सुमारास शिफारशीची सक्ती काढली. आई किंवा आजी सदस्य असली तर मुलीला मिळणारं झुकतं मापही अनेकींनी बंद केलं. तेव्हा लेकीला सांगा, ज्या मंडळात जायची इच्छा आहे त्याचा आजचा नियम त्याच्याच साइटवर वाच. कुणाच्या मावशीनं वीस वर्षांपूर्वी काय केलं ते ऐकत बसू नको.

हे सगळं का बदललं, तेही तिला कळू द्या. त्याच अलाबामा विद्यापीठात सप्टेंबर २०१३ मध्ये 'द क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रानं छापलं, की अभ्यासात हुशार, घरंदाज अशा एका कृष्णवर्णीय मुलीला गोऱ्या सोरोरिटींनी घेतलं नाही. आतल्या मुलींना ती हवी होती. माजी सदस्यांनी अडवलं. देशभर बोभाटा झाला, तेव्हा कुठं विद्यापीठाच्या अध्यक्षांनी प्रवेश पुन्हा उघडायला लावले. माजी सदस्यांच्या हातातली शिफारस म्हणजे नुसतं कौतुक नव्हे. दाराला लावलेली कडीही होती ती. आपल्या सावळ्या पोरीला हे माहीत असलेलं बरं. घाबरायला नाही, डोळे उघडे ठेवायला.

आता तुमचं काम. वरुडला लोक विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणतात, पण ते संत्र्यापुरतं. माजी सदस्या तिथं शोधू नका. ओहायोतल्या शेवटच्या दोन वर्षांची आठवण काढा. लेकीच्या शाळेतल्या बाई, वाचनालयातली बाई, तुमच्या ऑफिसातली मैत्रीण, जिच्या मुलीबरोबर ही खेळायची ती शेजारीण. तिकडच्या शिकलेल्या बायकांत सोरोरिटीत राहून आलेल्या पुष्कळ असतात, आपण कधी विचारलेलं नसतं एवढंच. साधा ईमेल करा : लेक परत येते आहे, तुम्ही कॉलेजात कुठल्या सोरोरिटीत होता का? होत्या, तर रेझ्युमे, एक फोटो आणि गुणपत्रिका पाठवा. 'मी हिला बारा वर्षांची असेपर्यंत ओळखत होते, नंतरचं तिच्या आईकडून ऐकते' असं त्यांनी खरं तेच लिहिलं तरी चालतं. तेवढ्यानं नाही जमलं, तर अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत निरनिराळ्या सोरोरिटींच्या माजी सदस्यांच्या एकत्र संघटना असतात, त्यांना लिहा. पण त्या बाईंनी लेकीशी व्हिडिओवर अर्धा तास तरी बोलून मग लिहावं असा आग्रह धरा. तुमच्याकडे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात अलाबामात सकाळचे साडेनऊ, म्हणजे गच्चीवर जागरण करायचीही गरज नाही. जूनच्या आत विचारून मोकळ्या व्हा, भरती ऑगस्टमध्ये वर्ग भरायच्या सुमारासच असते.

रेझ्युमे वाचला. खरं सांगू का? तो कुणा दुसऱ्याच मुलीचा वाटतो. 'ॲग्रिकल्चर एक्सपोजर' हे काय आहे? खोडा ते. तुमच्याच पत्रात मागच्या पानावर लिहिलंय की तीन हंगाम तोडणीच्या वेळी संत्र्याच्या कॅरेटची वही तीच ठेवते आणि व्यापाऱ्यानं एकदा चाळीस कॅरेट कमी धरली तेव्हा तिनंच वही पुढं केली. हे लिहा, असंच्या असं. 'सोशल वर्क' खोडून लिहा, की जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलींना ती दर शनिवारी इंग्रजी वाचायला शिकवते. तिथल्या पहिल्या फेरीत प्रत्येक घरात थोडाच वेळ बोलायला मिळतो आणि शेकडो मुली 'मला लोकांना मदत करायला आवडतं' एवढंच म्हणत असतात. चाळीस कॅरेटवाली मुलगी त्यांच्या लक्षात राहील. काही विद्यापीठं ओळखीचा छोटा व्हिडिओही मागतात. तो बागेत करा, सकाळी, मोटार सुरू व्हायच्या आधी.

टक्क्यांचं जीपीएत, म्हणजे तिकडच्या गुणांच्या सरासरीत, रूपांतर स्वतः करू नका, विद्यापीठाच्या सोरोरिटी कार्यालयाला ईमेलनं विचारा. वर्गणी वर्षाकाठी काही हजार डॉलर पडते, ती यजमानांना आत्ताच सांगून ठेवा. तुमची लेक अमेरिकन नागरिक आहे, तिला व्हिसाची कटकट नाही. पण इतर वाचकांसाठी : एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणारीला, विद्यापीठ देतं त्या आय-२० या कागदावरच्या अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत शिरता येत नाही. भरतीसाठी लवकर पोचायचं असेल तर हे आधी मोजा. आणि दक्षिण आशियाई मुलींनी काढलेल्या सोरोरिटीही आहेत. ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनची कॅपा फाय गॅमा, दोन्ही १९९८ च्या. त्या या २६ मध्ये नाहीत, त्यांची भरतीही वेगळी असते.

पाकिटात सासूबाईंची एक चिठ्ठी निघाली, वहीच्या कागदावर : "त्या घरात पोरगी रायते तं तिले जेवाले कोन देते? अन् तिथं दारू-गिरू तं नाई ना?"

आजी, पहिल्या वर्षी पोरी बहुतेक विद्यापीठाच्या होस्टेलमध्येच राहतात, घरात जायचं ते पुढच्या वर्षी. मोठ्या घरांत स्वयंपाकी असतो. या २६ मंडळांपैकी बहुतेकांच्या घरात दारूला बंदी असते. घराबाहेरचं मी सांगू शकत नाही. भाजी मात्र तुमच्यासारखी मिळणार नाही, तेव्हा तिच्या बॅगेत घरचा मसाला द्या, नीट बंद करून.