फिशटँकच्या दोन्ही ट्यूब एकदम गेल्या, तर चोकच गेला असं धरू नका

तुमची अडचण मला समजली ती अशी. तीन फुटी टँक, वर बंद हूड, त्यात टी-५च्या (बारीक) २१ वॅटच्या दोन ट्यूब. परवा संध्याकाळी दोन्ही एकदम विझल्या. इलेक्ट्रिशियन म्हणाला चोक उडाला, दुकानदार म्हणतो अख्खं हूडच बदला. चोक दुरुस्त होतो का, नवा कुठला घ्यायचा, आणि तोवर मासे-झाडांचं काय, हे तुम्हाला हवंय.

मासे-झाडांचं आधी सांगून टाकतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. माशांना उजेड नसला तरी आठवडाभर काही होत नाही. अनुबियास आणि जावा फर्न तर कुंभकर्णाची झाडं. व्हॅलिसनेरियासुद्धा चार-पाच दिवस सहज काढते. उलट काचेवरचं शेवाळ थोडं आवरेल. फक्त फिल्टर आणि हवेचा पंप चालू राहू द्या. आमच्या इंदूरच्या रामबागेत एकांनी लाईट दुरुस्त करायचा म्हणून लाईट-पंप सगळं ज्यावर होतं ते एकच एक्स्टेंशन बंद केलं आणि जेवायला बसले. मे महिना होता. संध्याकाळी मासे पृष्ठभागावर तोंडं काढून उभे.

आता चोक. दोन ट्यूबवाल्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये दोन्ही ट्यूब एकाच सर्किटवर असतात. त्यातल्या एकीचं फिलामेंट तुटलं की दुसरी धडधाकट असूनही पेटत नाही. म्हणजे ‘दोन्ही एकदम गेल्या’ हा चोकविरुद्धचा पुरावाच नाही. मी स्वतः यात एकदा फसलोय. महाराणी रोडवरून नवा चोक आणला, तासभर खपून बसवला, आणि ट्यूब तशाच काळ्याठिक्कर. मग मल्टीमीटर लावला, तर एका ट्यूबच्या एका टोकाचं फिलामेंट तुटलेलं. जुना चोक तोवर कचऱ्यात गेला होता.

म्हणून प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कधीकधी बटण न्यूट्रलवर असतं आणि फिटिंगमध्ये करंट तसाच राहतो. हात कोरडे करा, ट्यूब बाहेर काढा, मीटर ओहमवर ठेवून एका टोकाच्या दोन पिनांवर लावा. काही ओहम दाखवले तर ते टोक जिवंत. काहीच दाखवलं नाही तर ट्यूब गेली. दोन ट्यूबची मिळून चार टोकं, चारही बघा. मग होल्डरमध्ये टॉर्च मारा. आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर दोष तिथेच असू शकतो. बारीक पॉलिश पेपरने घासून बघा, पट्टी सैल झाली असेल तर होल्डर बदला.

ट्यूब आणि होल्डर दोन्ही सुटले, प्लगला करंट येतोय, हूडचं बटणही ठीक आहे, तर मग इलेक्ट्रिशियन बरोबर होता.

चोक उघडायचा असेल तर प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबा. २३० व्होल्टचा एसी आत डीसी होतो तेव्हा मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास साठलेलं असतं, आणि ते प्लग काढल्याबरोबर जात नाही. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची मर्दुमकी करू नका. मीटरने व्होल्टेज शून्याजवळ आलंय हे बघा आणि मगच हात घाला.

मागच्या पावसाळ्यात असा एक चोक टेबलावर घेऊन बसलो होतो. झाकण काढताच जळक्या बेकेलाईटचा तो ओळखीचा वास. बोर्डाच्या एका कडेला पांढरी पूड, मीठ सांडल्यासारखी. ट्रान्झिस्टरचे पाय हिरवे. आणि मोठ्या कपॅसिटरचं डोकं पोळीसारखं फुगलेलं. ती पांढरी पूड कुठून आली? नुसत्या वाफेत क्षार नसतात. हवेच्या पंपाचे बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात, त्यांचे बारीक तुषार उडतात, आणि बोरिंगच्या जड पाण्याचे क्षार त्यांच्याबरोबर वर चढतात. हूडच्या आत बसलेला चोक हे दिवसरात्र सोसतो. वर स्वतःची उष्णता, त्यात आपला इंदूरचा उन्हाळा. तो दीड-दोन वर्षांत मेला याचं नवल नाही, इतके दिवस टिकला याचं आहे.

नुसता कपॅसिटर फुगला असेल आणि तुम्हाला सोल्डरिंग येत असेल तर बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट ४०० किंवा जास्त, १०५ डिग्रीवाला, आणि उणे पट्टी उणे बाजूलाच. पण दोन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट असतील तर सोडून द्या. ते गेले की सहसा एकटे जात नाहीत. बाजूचे रेझिस्टर आणि इनपुटचा फ्यूज-रेझिस्टर घेऊन जातात. नवे घातले की पहिल्याच स्विचला पुन्हा फट्ट. पाण्यावर टांगायच्या वस्तूत मला असली अर्धवट दुरुस्ती पटत नाही.

नवा घेताना जुन्याच्या चिठ्ठीचा आणि वायरिंगचा फोटो काढून न्या, आणि दुकानात ‘दोन ट्यूबचा, २१ वॅट, टी-५’ असं पूर्ण सांगा. इथे गंमत अशी की टी-५ची २१ वॅटची ट्यूब आणि ३९ वॅटची ट्यूब, दोन्हींची लांबी ८४९ मिलिमीटर. होल्डरमध्ये दोन्ही अगदी बेमालूम बसतात. पण चोक मात्र वेगळा लागतो. २१च्या ट्यूबला ३९चा चोक लावलात तर टोकं काळी पडून ती लवकर मरेल. ट्यूबवर छापलेले वॅट वाचा, लांबीवर जाऊ नका. आणि कोणी ‘साधा ४० वॅटचा तांब्याचा चोक टाकून देतो’ म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. तो जाड ट्यूबसाठी, स्टार्टरसकटचा. टी-५ इलेक्ट्रॉनिक चोकवरच चालते.

आता मुख्य गोष्ट. नवा चोक परत हूडमध्ये बसवू नका. टँकच्या मागे किंवा बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीवर छोट्या प्लास्टिकच्या डबीत बसवा. डबीला खालून हवेची भोकं ठेवा, वरून नको. टँकखालच्या कपाटात तर मुळीच नको, पाणी बदलताना पहिला ओघळ तिथेच जातो. ट्यूबकडे जाणाऱ्या तारा मात्र आखूड ठेवा. चोक हजारो हर्ट्झवर चालतो, लांब तारेने उजेड कमी होतो किंवा ट्यूब पेटतच नाही. म्हणून लांब कपाटापेक्षा मागची भिंत बरी. ट्यूबच्या टोकांना रबरी टोप्या असलेले होल्डर मिळतात, तेही आताच घालून घ्या. पाणी आणि ट्यूबच्या मध्ये काच असेल तर उत्तम.

प्लगची तार सॉकेटच्या खाली लोंबकळून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर नवा चोक घालण्याआधी तो बसवून घ्या. मला एकदा गाळ काढताना कोपरापर्यंत झटका बसला होता. अर्थिंग कापलेलं होतं, हूडची पत्र्याची पट्टी जिवंत होती, आणि मासे मजेत फिरत होते. त्यांच्यातून करंटला जमिनीत जायला वाट नव्हती, माझ्या ओल्या पायांतून होती.

एलईडीचं विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. ट्यूबसुद्धा वर्ष-दीड वर्ष जुन्या असतील तर मी आता एलईडीच घेईन. मिनामाटा कराराच्या २०२३च्या बैठकीत फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन २०२७पर्यंत थांबवायचं ठरलंय, तेव्हा पुढे टी-५ शोधत फिरावं लागणार. मात्र एलईडी ट्यूब घ्याल तर बहुतेकदा चोक काढून थेट वायरिंग करावं लागतं, आणि करंट एका टोकाला द्यायचा की दोन्ही, हे तिच्यासोबतच्या कागदावरच बघा. ओळखीच्या एका घरी कारागिराने जुना चोक न काढता एलईडी ट्यूब खोचली. ‘टप्’ असा आवाज, आणि नवी ट्यूब गेली.

काढलेली ट्यूब फोडू नका, आत पारा असतो. सकाळच्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, ट्यूब त्यात, चोक ई-कचऱ्यात. आणि मीटरचे चार आकडे व चोकवरच्या चिठ्ठीचा फोटो इथे टाका, वायरिंग बघून सांगतो.