जपानमध्ये एएलटी आहे, मातृभाषा इंग्रजी नाही. इथल्या भाषाशिक्षकांच्या संघटनेत मला जागा मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला आठ वर्षं इंग्रजी शिकवलं, नवऱ्याच्या बदलीमुळे आइची प्रांतात आलात, आणि एप्रिलपासून दोन प्राथमिक शाळांमध्ये एएलटी म्हणून, म्हणजे सहायक भाषाशिक्षिका म्हणून जाताय. शिकवण्याबद्दल बोलायला कुणी नाही, आणि ‘माझी मातृभाषा इंग्रजी नाही’ हे वाक्य तुमच्या प्रश्नात दोनदा आलंय. मी आइचीतल्याच नागोयात अकरा वर्षं शिकवतेय. तेच वाक्य मनात घोळवत मी पहिली दोन वर्षं कुठल्याच सभेला गेले नाही. त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्यासाठी योग्य संघटना म्हणजे जाल्ट, जपान असोसिएशन फॉर लँग्वेज टीचिंग. १९७५ मध्ये कानसाई भागातल्या शिक्षकांनी ती सुरू केली. आज देशभर तिचे चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा आहेत, नागोयातही आहे. त्याशिवाय विषयानुसार ‘सिग’ नावाचे गट आहेत: लहान मुलांना शिकवणाऱ्यांचा वेगळा, द्विभाषिकतेचा वेगळा, इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकवणाऱ्यांचासुद्धा. सदस्य होण्यासाठी मातृभाषा कुणी विचारत नाही. जपानी शिक्षकही सदस्य आहेत, त्यांचीही मातृभाषा इंग्रजी नाही. लगेच वर्गणी भरू नका. आधी पाहुणी म्हणून चॅप्टरच्या दोन-तीन सभांना जा. आमच्याकडे सदस्य नसलेल्यांकडून थोडे येन घेतात, तेवढंच.

आता मातृभाषेबद्दल, कारण खरा अडसर तोच दिसतोय.

तुमच्या वर्गातली मुलं ‘आय ॲपल ईट’ म्हणत असतील. अमेरिकेहून आलेला माझा सहकारी याला नुसती चूक म्हणायचा. मला मात्र लगेच कळलं की मूल असं का बोलतंय. जपानी ‘वाताशि वा रिंगो ओ ताबेमासु’ आणि आपलं ‘मी सफरचंद खाते’: दोन्हींत क्रियापद शेवटी. आपण ‘घरात’ म्हणतो, जपानी लोकही स्थळ दाखवणारा शब्द नामानंतर लावतात. ‘ए’ आणि ‘द’ त्यांच्याकडे नाहीत, आपल्याकडेही नाहीत. त्यांच्या एका ‘र’मध्ये इंग्रजीचे एल आणि आर दोन्ही कोंबलेले असतात. आपणही व्ही आणि डब्ल्यू एकाच ‘व’वर भागवतो. मुलं ‘स्कूल’चं ‘सुकूरु’ करतात तेव्हा मला माझ्या आजीचं ‘इस्कूल’ आठवतं. दोघांनाही जोडव्यंजन फोडायला एक स्वर लागतो, आजीला आधी आणि मुलांना मध्ये. ही वाट आपण स्वतः चालून आलो आहोत. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ती पुस्तकातून शिकावी लागते.

मी पहिल्यांदा चॅप्टरमध्ये बोलले ते याच विषयावर, वीस मिनिटं. शेवटी फळ्यावर जपानी काना-तक्ता लिहिला, अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व, आणि शेजारी आपली वर्णमाला मांडली. हा क्रम जपानमध्ये सिद्धम् या संस्कृतसाठीच्या जुन्या भारतीय लिपीचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे रुळला, म्हणून दोन्ही तक्ते इतके जुळतात. मागच्या रांगेतल्या एक वयस्कर जपानी शिक्षिका उठून फळ्यापाशी आल्या आणि ‘च’ आणि ‘प’ कुठे गेले ते विचारू लागल्या. सभा संपल्यावरही आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. पुढे त्यांनीच मला त्यांच्या शाळेत पाठ बघायला बोलावलं.

म्हणून नुसतं ऐकायला जाऊ नका. वर्गात जमलेला एक पाठ घेऊन जा, छोटासाच. बऱ्याच चॅप्टरमध्ये वर्षातून एखादी सभा अशा अनुभवांच्या देवाणघेवाणीची असते. संघटनेच्या ‘द लँग्वेज टीचर’ या नियतकालिकात ‘माय शेअर’ नावाचं सदर आहे, त्यातही साध्या शिक्षकांचे वापरून पाहिलेले पाठ येतात. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तासिका. त्या घेणाऱ्या कित्येक वर्गशिक्षिका मुळात इंग्रजीच्या नाहीत. त्यांच्याबरोबर पाठ कसा आखायचा यावर तुम्ही बोललात तर लोक वही काढून बसतील.

चॅप्टर चालवणारे सगळे नोकरी सांभाळून बिनपगारी काम करणारे शिक्षक असतात. खजिनदार, कार्यक्रम ठरवणारे, खोली आरक्षित करणारे, माणसं कायम कमीच पडतात. मी दुसऱ्याच वर्षी नोंदणीच्या टेबलावर बसले आणि महिन्याभरात सगळ्यांची नावं पाठ झाली. सभेनंतर जेवायला जातात, ते चुकवू नका, खरी ओळख तिथेच होते. शाकाहारी असाल तर आधी सांगा, कारण भाजीच्या पदार्थातही बऱ्याचदा दाशी, म्हणजे माशांचा अर्क असतो. मी कित्येक संध्याकाळी एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या हिरव्या शेंगा, आणि भातावर काढल्या आणि तरी आनंदात घरी आले.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. पगार, सुट्ट्या, करार यांवरचं भांडण संघटना लढत नाही, त्यासाठी युनियन वेगळ्या आहेत. माझ्या पहिल्या कंपनीने ऑगस्टचा पगार कापला तेव्हा चॅप्टरमधल्या एकीने मला योग्य कार्यालयाचा पत्ता दिला, पुढचं मलाच करावं लागलं. पुढेमागे विद्यापीठात तासिका घ्यायच्या असतील तर बहुतेक ठिकाणी मास्टर्स आणि छापून आलेले लेख मागतात. लेखनाची सुरुवात करायला ‘माय शेअर’सारखी सदरं आणि दर शरदात भरणारी वार्षिक परिषद सोयीची आहे. परिषदेचे प्रस्ताव बरेच महिने आधी मागवतात, तारीख चुकवू नका.

मराठी मंडळाशी याची तुलना करू नका, दोन्ही हवंच. गणपतीत मंडळात गेलं की मन भरतं, पण सहावी ‘ब’च्या मागच्या बाकावरचा मुलगा तोंडच उघडत नाही, हे तिथे कुणाला सांगणार? चॅप्टरमध्ये सांगितलंत की चार जण खुर्ची पुढे ओढतात.

तुमच्या दोन शाळांपैकी ज्या शाळेत जास्त जमतंय, तिथला या आठवड्यातला एक पाठ कागदावर उतरवा: काय ठरवलं होतं, मुलांनी काय केलं, कुठे अडलं. इथे प्रतिसादात लिहिलात तर मी वाचेन, आणि त्याचं वीस मिनिटांचं बोलणं कसं करायचं ते आपण मिळून पाहू.