एका गुणानं हरलात, म्हणजे हरलातच

मार्च आला की अमेरिकेतल्या मराठी विद्यार्थ्यांची पत्रं सुरू होतात. कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी टीम निवडायची वेळ, आणि तक्रार एकच: “आमची टीम थोडक्यात हरली, त्याचं काहीच नाही का?” नेहमीचे प्रश्न एकदाच घेतो.

दोन गुणांनी गेलेला सामना निवड समिती अर्धा विजय धरते का?

नाही.

रूममेट म्हणतो, समिती टीम तोलायला वापरते त्या ‘नेट’ क्रमवारीत 10 गुणांपुढचा फरक मोजत नाहीत. खरं का?

2018-19 मध्ये नेट आलं तेव्हा तसा एक घटक होता. 2020 मध्ये तो काढून टाकला. आता प्रत्येक पझेशनमागे (बॉल हाती आल्याच्या एका पाळीमागे) किती गुण केले आणि किती दिले, हे प्रतिस्पर्ध्याची ताकद धरून मोजतात. रूममेटवर विसंबू नका, कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिचा खुलासा वाचा.

आमच्या सहा पराभवांत एकही चारपेक्षा जास्त गुणांचा नाही. म्हणजे टीम मुळात चांगली, नशीबच फुटकं, असंच ना?

इथं जरा बसून बोलू. पहिली गोष्ट, पाटीवरचा आकडा फसवा असतो. तीनने मागे, तीस सेकंद बाकी. मागची टीम मुद्दाम फाउल करते, समोरचा दोन्ही फ्री थ्रो घालतो: पाच. घाईतला थ्री (तीन गुणांचा शॉट) हुकतो, पुन्हा फाउल, पुन्हा दोन: सात. सामना तीनचा होता, छापून सात आला. उलटंही होतं. पाचने हरलेली टीम शेवटच्या सेकंदाला, कुणी अडवत नसताना थ्री टाकते आणि घरी सांगते, “दोनने गेलं हो!” त्यामुळे शेवटची दोन मिनिटं सुरू होताना फरक किती होता, ते आधी बघा.

दुसरं, प्रश्न दोन आहेत आणि तुम्ही त्यांची खिचडी करताय. टीम किती ताकदीची, हे ठरवताना फरक मोजायलाच हवा. तिथं एका गुणाची हार आणि वीस गुणांची हार एक नव्हे. पण टीमनं कमावलं काय, हे विचाराल तर फक्त जिंकलं की हरलं. 2024 ला इंडियाना स्टेट आपल्या कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात ड्रेककडून 84-80 अशी हरली. 28 विजय, 6 पराभव, नेटमध्ये पहिल्या तिसांत, तरी राष्ट्रीय स्पर्धेच्या 68 टीममध्ये जागा नाही. त्याच वर्षी 54व्या क्रमांकाची व्हर्जिनिया आत गेली आणि पहिल्याच सामन्यात कोलोरॅडो स्टेटकडून 67-42 अशी आपटली. मला ती निवड आजही पटत नाही. पण ‘चारच गुणांनी हरले हो’ हा इंडियाना स्टेटचा मुद्दाच नव्हता. त्यांचे 28 विजय हा होता.

तुमच्या सहा सामन्यांवरून मी निकाल देणार नाही. पूर्ण हंगामाची टीम शीट (निकालांचा तक्ता) घ्या आणि संख्याशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकासमोर ठेवा.

एक अ‍ॅप पैसे घेऊन ‘खरा विजय-पराभव’ सांगतं. घेऊ का?

सूत्र सांगतात का, ते विचारा. नाही सांगत? मग नको. नेटची यादी फुकट मिळते. आणि त्यावर पैजा लावणार असाल, तर आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाशी बोला. खेळाडू असाल तर पैज नाहीच. शंका असली तर कॉलेजात खेळाचे नियम बघणाऱ्या कम्प्लायन्स ऑफिसला विचारा.

उद्या सिलेक्शन संडे, स्पर्धेच्या टीम जाहीर होणार. टीमच्या बाजूनं समितीला काय लिहू?

आज शनिवार, रात्रीचे अकरा. हंगाम नोव्हेंबरात सुरू झाला होता.

मुलगा कॉलेज टीममध्ये आहे. त्याचा शेवटचा फ्री थ्रो हुकला, टीम एकाने हरली. तो जेवत नाहीये.

हरण्याला तो एकटा जबाबदार नाही. चाळीस मिनिटांत बाकीच्यांचेही बरेच हुकले असतील. वर्षभराची त्याची फ्री थ्रोची टक्केवारी कोचकडून मागवा आणि त्याला दाखवा. दोन-चार दिवसांतही जेवला नाही, तर टीमच्या डॉक्टरांना फोन करा, मला नको.