आवडलेला पिक्चर वेगळा, जिंकणारा वेगळा

ऑस्करच्या अंदाजांवर आलेले काही प्रश्न.

प्रश्न : तुम्ही रिव्ह्यूमध्ये एका पिक्चरला डोक्यावर घेता आणि प्रेडिक्शनमध्ये बेस्ट पिक्चर भलत्यालाच देऊन मोकळे होता. हा दुटप्पीपणा नाही का?

अजिबात नाही हो. रिव्ह्यूमध्ये मला काय वाटलं ते लिहायचं असतं आणि प्रेडिक्शनमध्ये ॲकॅडमीच्या, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेच्या, जवळपास १०,००० मेंबरांना काय वाटेल ते. त्यात आपली आवड घुसवली की अंदाज बोंबलला म्हणून समजा. मी तर आधी रिव्ह्यू लिहून टाकतो, म्हणजे मनातली सगळी भडास निघून जाते आणि मग थंड डोक्याने बघता येतं की मत देणारे कोण आहेत आणि मोजणी कशी होते.

प्रश्न : ज्याला सगळ्यात जास्त नॉमिनेशन्स तोच बेस्ट पिक्चर, असं सरळ धरलं तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. 'ला ला लँड'ला १४ नॉमिनेशन्स होती, पण २०१७ मध्ये बेस्ट पिक्चर 'मूनलाइट'ने नेलं (स्टेजवर चुकीचं नाव वाचलं गेलं ती गंमत वेगळीच). २०२२ मध्ये तर 'द पॉवर ऑफ द डॉग'ला १२ होती आणि 'कोडा'ला फक्त ३, तरी 'कोडा'ने तिन्हीच्या तिन्ही मारली आणि १२ वाल्याच्या हातात एकटं डिरेक्शनचं आलं.

यामागचं गणित असं, की बाकी कॅटेगरीत ज्याला जास्त मतं तो जिंकला, विषय संपला, पण बेस्ट पिक्चरला मेंबर एक, दोन, तीन असे नंबर लावतात. समजा १०० मतपत्रिका आहेत. पहिल्या नंबरावर 'अ' ४०, 'ब' ३५ आणि 'क' २५. निम्म्याच्या वर कुणीच नाही, म्हणून तळाचा 'क' बाद, आणि त्याच्या २५ पत्रिकांवर दुसरा नंबर कुणाचा आहे ते बघायचं. त्यातल्या २० वर 'ब' आणि ५ वर 'अ' निघाला तर 'ब' ५५, 'अ' ४५. म्हणजे सुरुवातीला पुढे असलेला हरला! म्हणून ज्या पिक्चरवर अर्धे लोक फिदा आणि अर्धे खवळलेले, त्याच्यावर मी पैज लावताना दहादा विचार करतो. कुणालाच न खटकणारा, सगळ्यांच्या यादीत दोन-तीन नंबरला असणारा पिक्चर इथे डेंजर. प्रोड्युसर्स गिल्डची (हॉलिवूडच्या निर्मात्यांची संघटना) मोजणीही अशीच नंबरवारी होते, त्यामुळे त्यांच्या अवॉर्डकडे मी गोल्डन ग्लोबपेक्षा जास्त लक्ष देतो. ग्लोबला पत्रकार मतं देतात, त्यांचा ॲकॅडमीशी संबंध नाही.

प्रश्न : ॲक्टिंगमध्ये सॅग (अमेरिकन ॲक्टर्सच्या संघटनेचं अवॉर्ड) आणि बाफ्टा (ब्रिटिश ॲकॅडमीचं अवॉर्ड) वेगवेगळे गेले तर कुणाचं ऐकायचं?

इथे खरी डोकेदुखी. २०१९ ला सॅग ग्लेन क्लोजला, बाफ्टा ऑलिव्हिया कोलमनला, आणि ऑस्कर कोलमनला. २०२१ ला सगळे चॅडविक बोझमन धरून बसले होते, सॅगही त्यालाच, पण बाफ्टावाले अँथनी हॉपकिन्स जिंकले आणि ते सोहळ्याला हजरसुद्धा नव्हते. २०२५ ला सॅग डेमी मूरला, बाफ्टा मायकी मॅडिसनला, परत बाफ्टावाली जिंकली. आता म्हणाल बाफ्टाच लावा, तर २०२३ मध्ये बाफ्टा केट ब्लँचेट आणि ऑस्टिन बटलरला होतं आणि ऑस्कर मिशेल यो आणि ब्रेंडन फ्रेझरला, दोघंही सॅगवाले. माझं मत विचाराल तर अशा वेळी ज्याचा पिक्चर बाकी कॅटेगरीतही जोरात आहे त्याच्या बाजूने जा, पण हॉपकिन्सच्या वेळी मीडियात चाललेली बोझमनची हवा किती पोकळ निघाली तेही लक्षात ठेवा.

प्रश्न : एडिटिंगसारख्या टेक्निकल कॅटेगरीत अंदाज कसा लावता?

नॉमिनेशन एडिटर लोक करतात पण फायनलला ॲक्टर, रायटर, सगळेच मतं देतात, त्यामुळे बेस्ट एडिटिंगपेक्षा मोस्ट एडिटिंग, म्हणजे ज्यात कट्स डोळ्यात भरतात ते, जिंकायचे चान्स जास्त. 'बोहेमियन रॅप्सडी'ला २०१९ मध्ये मिळालं तेव्हा त्यातल्या एका साध्या टेबलावरच्या गप्पांच्या सीनमधले धडाधड कट्स बघून लोकांनी जाम टर उडवली होती, आणि खरं सांगायचं तर उडवायलाच हवी होती. आता कॅटेगरीतले सगळे पिक्चर पाहिल्याशिवाय फायनलला मत देता येत नाही असा नियम ॲकॅडमीने २०२५ मध्ये जाहीर केलाय, पण पाहिलं म्हणून एडिटिंग कळतंच असं नाही, त्यामुळे मी अजूनही धावपळीचा, गाण्याबजावण्याचा पिक्चरच लावतो.