वास, घाण आणि दगडाची वासना

प्रश्न असा आहे: ‘पहिल्या सरीनंतर मातीचा वास येतो, असं मी लिहिलं. मजकूर तपासणाऱ्यांनी ‘वास’ खोडून ‘सुगंध’ केलं, कारण म्हणे वास हा वाईटच असतो. हे बरोबर आहे का? आणि या वासाला पेट्रिकोर म्हणतात, त्याला मराठी शब्द कोणता?’

बरोबर नाही. तुमचं वाक्य होतं तसंच ठेवा.

हा वासाचा विटाळ हल्ली फार वाढला आहे. चांगला असेल तर सुगंध, वाईट असेल तर वास आणि ठरवायचा कंटाळा आला तर ‘स्मेल’. त्यातून मग ‘स्मेल मारतोय’ हे कुठल्याच घराण्याचं नसलेलं अपत्य. दुसऱ्या टोकाला ‘फुलांच्या सुवासाचा मंद गंध दरवळत होता’ लिहिणारे. एका फुलासाठी इतकी नाकं कशाला? वास जात्या वाईट असता तर ‘सुवास’ म्हणजे चांगली दुर्गंधी ठरली असती. ‘सु’ लावावा लागतो याचाच अर्थ मूळ शब्द कोणाच्याच बाजूचा नाही. गंधाचंही तेच. न्यायशास्त्राच्या तर्कसंग्रह या ग्रंथात अन्नंभट्टाने गंधाची व्याख्या नाकाने कळणारा गुण एवढीच केली आणि त्याचे सुरभि व असुरभि असे दोन प्रकार सांगितले. व्याख्येत नाक मुरडलेलं नाही.

(सुवासिनीला यात ओढू नका. ती ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूची. तिचा सुवासाशी संबंध जोडणारे लेख दरवर्षी कुठून उगवतात, देव जाणे.)

पण तुमच्या तपासणाऱ्यांवर मी पूर्ण रागावत नाही, कारण त्यांच्या हातून जे होतंय ते मराठीत आधी एकदा झालेलं आहे, आणि तो किस्सा मला भलता आवडतो. ‘घाण’ हा शब्द घ्या. कचरा, दुर्गंध, किळस, सगळं त्यात आलं. आणि त्याचं मूळ काय? संस्कृत ‘घ्राण’! घ्राण म्हणजे नाक, किंवा वास घेणे. प्राकृतात र गळून ‘घाण’ झालं, तेव्हाही अर्थ नाक किंवा वास असाच, अगदी सोवळा. पाली भाषेत ‘घान’ म्हणजे आजही नाक. मराठीत येता येता मात्र इंद्रियाचा विषय झाला, विषयाचा वाईट विषय झाला आणि शेवटी ज्याला वास येतो तो कचराच घाण झाला. ‘घाण येते’ आणि ‘घाण काढली’ या दोन वाक्यांत हा सगळा प्रवास दिसतो: पहिल्यात ती अजून नाकाजवळ आहे, दुसऱ्यात जमिनीवर पडली आहे. जुन्या इंग्रजीतही ‘स्टिंक’च्या पूर्वजाने फुलांचा वास सांगितलेला चाले. वासाचे शब्द नासतात, हे खरं. म्हणून आपणच त्यांना नासवायला मदत करावी असं नाही. नाहीतर उद्या ‘सुगंध’ही नासेल आणि आपण ‘सुसुगंध’ लिहू.

नासलेल्या शब्दांसाठी मराठीकडे तशीही वेगळी सोय आहे. कुबट, खवट, करपट, कुजट, धुरकट: ‘ट’ लागला की नाक आपोआप आक्रसतं. दर्पही आहेच. संस्कृतात त्याचा अर्थ गर्व, मराठीने त्यातली फक्त उग्रता उचलून नाकात कोंबली. इतकी हत्यारं असताना बिचाऱ्या वासाला मारेकरी कशाला करायचं?

शिवाय वास तटस्थ असतो हे केवळ व्याकरण नाही, रसायनशास्त्रही आहे. मातीच्या वासातला मुख्य घटक जिओस्मिन. स्ट्रेप्टोमायसिस जातीचे मातीतले जिवाणू तो बनवतात. 1965 साली गर्बर आणि लशव्हालिए या दोघांनी तो वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं. आपलं नाक त्याबाबतीत विलक्षण तिखट आहे. लिटरभर पाण्यात 10 नॅनोग्रॅमच्या आसपास असला तरी पुष्कळांना जाणवतो. आता गंमत पाहा. हाच रेणू पावसानंतर हवेत आला की आपण डोळे मिटून श्वास घेतो, आणि हाच रेणू पिण्याच्या पाण्यात आला की ‘पाण्याला मातकट वास मारतोय’ म्हणून तक्रार करतो. जलाशयातले नील-हरित जिवाणूही तो तयार करतात, म्हणून पाणी स्वच्छ असूनही कुबट लागतं. रेणू एकच, सुरभि कुठे आणि असुरभि कुठे हे ठरवणारे आपण. मोगरा-जाईच्या वासात इंडोल असतो. तोच इंडोल तीव्र झाला की विष्ठेची आठवण करून देतो. म्हणजे सुगंध आणि दुर्गंध हे शब्द बहुतेक वेळा निकाल आहेत; वास ही घटना आहे. तुम्ही घटना लिहिलीत, तपासणाऱ्यांनी निकाल दिला.

जाता जाता, नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, तर म्हणतच होते की गंध फक्त पृथ्वीचा, पाण्याला स्वतःचा वास नाही. पाण्याला वास आला तर त्यात पृथ्वीचा अंश मिसळला आहे असं समजावं. जिओस्मिनपुरतं तरी त्यांना पैकीच्या पैकी गुण.

आता पेट्रिकोर. हा ‘प्राचीन ग्रीक शब्द’ आहे असं मोठमोठ्या लेखांत छापून येतं. कुठल्याही प्राचीन ग्रीकाने तो उच्चारलेला नाही. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड ग्रेनफेल थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1964 साली ‘नेचर’मधल्या निबंधात तो घडवला. सुटे भाग तेवढे ग्रीक: दगड या अर्थाचा एक, आणि ‘इकोर’, म्हणजे ग्रीक देवांच्या नसांतून रक्ताऐवजी वाहणारा द्रव. दगडाचं देवरक्त! एरवी ‘अमुकतमुक संयुगांचे मिश्रण’ लिहून मोकळे होणारे रसायनशास्त्रज्ञ असं नाव ठेवतात तेव्हा त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

पण याचा मराठी प्रतिशब्द म्हणून सर्रास ‘मृद्गंध’ दिला जातो आणि इथे मी कोशवाल्यांशी भांडणार. (निदान मृद्गंध तरी लिहा हो, ‘मृदगंध’ म्हणजे काय, मऊ वास?) मृद्गंध हा पेट्रिकोरचा नव्हे, जिओस्मिनचा अनुवाद आहे, तोही शब्दशः: ‘गे’ म्हणजे पृथ्वी, ‘ओस्मे’ म्हणजे वास. पेट्रिकोर ही वेगळी चीज आहे. बेअर आणि थॉमस यांना दिसलं ते असं: कोरड्या दिवसांत वनस्पतींतून आणि इतरत्रून हवेत गेलेली तेलकट द्रव्यं खडक आणि चिकणमाती शोषून घेत राहतात. हवेतला ओलावा वाढला, पाणी पडलं की ती बाहेर पडतात. म्हणजे दगडाला स्वतःचा वास नाहीच. दगडात दुसऱ्याचा वास मुरलेला आहे. पावसाच्या वासात दोन्ही मिसळतात, वादळ असेल तर विजेने तयार झालेल्या ओझोनचीही भर पडते, आणि ओझोनचं नावही ‘वास येणे’ या ग्रीक क्रियापदावरूनच पडलेलं आहे. तेव्हा तिघांना एका मृद्गंधात कोंबणं हा आळस झाला.

मग पेट्रिकोरला म्हणायचं काय? माझं मत सांगतो, आणि ते मानलं नाही तरी मी सांगायचा थांबणार नाही. दगडाची ‘वासना’.

हसू नका. वासना म्हणजे कामुकता एवढंच डोक्यात येतं, कारण हाही शब्द घाणीच्याच वाटेने घरंगळला. मूळ अर्थ मनात मागे राहिलेला संस्कार. आता हा शब्द आला कुठून? काही कोशकार आणि झाडून सारे प्रवचनकार सांगतात: ‘मनात वसते ती वासना’, म्हणजे पुन्हा ‘वस्’, राहणे. ऐकायला गोड, यमकालाही सोयीचं. पण धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, दहाव्या गणात ‘वास उपसेवायाम्’ असा एक स्वतंत्र धातू बसलेला आहे, त्याचं रूप ‘वासयति’, अर्थ वास लावणे, सुगंधित करणे. पाणी फुलांनी वासित करतात ते यानेच. आणि योगाचार या पंथाच्या बौद्धांनी वासना समजावताना दृष्टांत कोणता दिला? फुलांच्या सहवासात ठेवलेल्या तिळांचा. फुलं सुकून जातात, वास तिळात उतरलेला राहतो. चिनी भाषांतरकारांनी या शब्दासाठी जी अक्षरं योजली त्यांतलं एक तर सरळ धुरी देणे, वास देणे या अर्थाचं आहे. त्यांना हा शब्द ‘राहण्याचा’ वाटला असता तर घर-वस्ती दाखवणारं अक्षर सापडलं नसतं का? तरीही कोणी म्हणेल की दृष्टांतावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. म्हणू दे. दोन्ही धातू आधीपासून एकमेकांत गुंतलेले असतील हेही मला मान्य आहे. फक्त त्यातला सुगंधी धागा उसवून फेकायचा आणि वर ‘हीच खरी व्युत्पत्ती’ म्हणायचं, हे मान्य नाही.

आणि शरीरशास्त्र माझ्या बाजूचं आहे. पाहिलेल्या, ऐकलेल्या गोष्टींचे निरोप मेंदूच्या वरच्या थराकडे जाताना आधी थॅलॅमसच्या चौकीवर थांबतात. वासाचा निरोप तिथे न थांबता नाकाच्या वर असलेल्या मेंदूच्या गंधकंदातून थेट पुढे जातो, भावनांशी निगडित अमिग्डालापर्यंत, आणि स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पसही त्याच्या शेजारीच. म्हणून जुन्या पुस्तकाचं पान नाकाशी धरलं की आधी वर्ष आठवतं आणि पुस्तकाचं नाव मागाहून. (तो वासही मुळात कागद झिजल्याचा: सेल्युलोज आणि लिग्निन तुटत जाताना बाष्पशील द्रव्यं सुटतात, त्यांत व्हॅनिलिनही असतं.) एका वस्तूचा गुण दुसरीत मुरणे आणि पहिली गेल्यावरही उरणे, ही वासनेची व्याख्या तिळाला लागू, मनाला लागू आणि बेअर-थॉमस यांच्या खडकालाही लागू. देवरक्तापेक्षा हा शब्द अधिक नेमका आहे, कारण देवरक्त दगडाचं स्वतःचं ठरतं, आणि तेल तर बाहेरून आलेलं!

दगडातून ते बाहेर कसं पडतं हे 2015 साली एमआयटीत जलद कॅमेऱ्यांनी टिपलं. सच्छिद्र जमिनीवर थेंब पडतो, त्याच्या तळाशी हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, ते वर चढून फुटतात आणि तुषार उडवतात. त्या तुषारांवर स्वार होऊन जमिनीतली द्रव्यं हवेत जातात. हलक्या आणि मध्यम सरींत हे जास्त होतं, मुसळधार पावसात कमी. तेव्हा ‘धो धो पावसात मातीचा वास आसमंतात कोंदला’ लिहिणाऱ्यांनी जरा सर हलकी करावी.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर पाणिनीचं एक सूत्र सांगितल्याशिवाय राहवत नाही: ‘गन्धस्येदुत्पूतिसुसुरभिभ्यः’. बहुव्रीहीत सु, पूति वगैरेंच्या पुढे आलेल्या गंधाचा ‘गंधि’ होतो. ‘त्र्यंबकं यजामहे सुगंधिम्’ हे रूप कानावरून गेलेलं असेलच. पण त्यावर वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेली पुरवणी, आहे: वास त्या वस्तूचा अंगभूत असेल तरच. म्हणून फूल ‘सुगंधि’, पण सुगंधी द्रव्यं विकणारा दुकानदार ‘सुगंध’. वास त्याच्याजवळ आहे, त्याचा नाही! आपला आणि लावलेला असा भेद वैयाकरणांनी एका इकारात केला. या न्यायाने तो खडक कोणत्या रांगेत बसेल ते तुम्हीच पाहा. मराठीत आपण ‘सुगंधी’ म्हणून दोघांनाही एकाच पाटावर बसवलं, ते असो.

परिमळाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुठेतरी ‘यात मळ आहे म्हणून हा शब्द टाळावा’ असा सल्ला वाचला आणि हात शिवशिवले. अमरकोश म्हणतो, ‘विमर्दोत्थे परिमलो गन्धे जनमनोहरे’: चुरडल्याने, घासल्याने उठणारा मनोहर वास तो परिमल. मळ नव्हे, मर्दन. कापलेल्या गवताचा ताजा वास हा याचा नमुना. पान फाटलं की त्यातली विकरं (एन्झाइम) मेदाम्लं तोडतात आणि काही क्षणांतच हेक्झेनालसारखी हलकी द्रव्यं हवेत सुटतात. न दुखावलेल्या गवताला हा वास जवळपास नसतोच. आणि ‘जनमनोहर’ म्हणताना अमरसिंहाने ‘जन’ शब्द घातला हे बरं केलं, कारण गवताच्या लेखी ती जखम आहे. पान कुरतडणाऱ्या अळ्यांच्या शत्रूंना, काही जातींच्या गांधीलमाश्यांना, याच कुळीच्या वासांवरून अळीचा ठावठिकाणा लागतो. पुढच्याच चरणात कोशकार आमोद वेगळा काढतो: दूरवर पसरणारा तो आमोद. मराठीने त्याला प्रमोदाच्या गळ्यात बांधून समारंभाला पाठवलं, तेव्हापासून त्याच्या वासाची कोणाला गंधवार्ता नाही. परिमळ अजून हाताशी आहे, तोवर निःशंक वापरा. फक्त कुपीतल्या अत्तराला नको, चुरगळलेल्या पानाला.