तार तुटू देऊ नका : पश्चिम आफ्रिकेच्या सूपांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात नायजेरियातील एगुसी सूपची कृती दिली होती. सोललेल्या बियांचे कूट, लाल पाम तेल, पालेभाजी, मांस आणि सुकी मासळी यांचे ते दाट कालवण वाचकांनी मनावर घेतले, हे आलेल्या पत्रांवरून दिसते. लागोसमधील वास्तव्यात शेजारणींच्या ओट्यापाशी उभे राहून जे शिकले आणि पुण्यास परतल्यावर चुकतमाकत जे जमवले, त्याच्या आधारे काही निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : एगुसीच्या बिया न मिळाल्याने आपण सुचविल्याप्रमाणे मगज वापरला. कूट घातल्यावर पंधरा-वीस मिनिटांत रस्सा फुटला. दूध नासावे तसे कण वेगळे झाले आणि वर तेलाचा तवंग आला. शिवाय चव किंचित कडवट लागली. नेमके काय चुकले? — एक वाचक, नाशिक

उत्तर : रस्सा फुटला ही चूक नव्हे; सूप जमल्याची ती खूण आहे. एगुसी हे कलिंगडाच्या अगदी जवळच्या नात्यातले फळ. त्याचा गर कडू असल्याने खात नाहीत, ते केवळ बियांसाठी लावले जाते. या बियांत जवळजवळ निम्मे तेल आणि साधारण पाव भाग प्रथिने असतात. उष्णता लागताच प्रथिने गोठून त्यांचे मऊ, पनीरच्या चुऱ्यासारखे कण होतात आणि धरून ठेवलेले तेल सुटते. आपल्याला रस्सा ‘मिळून यावा’ असे शिकविलेले असल्यामुळे हे दृश्य पाहून धसका बसतो. मलाही बसला होता, आणि पहिल्या वेळी मी ते सारे मिक्सरमधून काढून एकजीव केले होते. शेजारणीने पातेल्यात डोकावून मुलांसाठी पेज केली आहे का, असे विचारले.

कण मोठे हवे असतील तर कूट पाण्यात आणि थोड्या वाटलेल्या कांद्यात घट्ट कालवावे, उकळत्या रश्श्यात चमच्याने लहान गोळे सोडावेत आणि किमान दहा मिनिटे डाव अजिबात फिरवू नये. बारीक कण आवडत असतील तर हेच कालवलेले कूट आधी गरम पाम तेलात परतून घ्यावे आणि मग रस्सा थोडा थोडा घालावा. दोन्ही रीती तिकडे घराघरांत चालतात आणि कोणती खरी यावर वादही होतात. मला परतण्याची रीत अधिक पसंत आहे, कारण बियांचा कच्चट वास त्यात लवकर जातो.

कडवटपणाचे कारण मात्र बहुधा मगजच आहे. तेलबी असल्याने तो उन्हाळ्यात लवकर खवट होतो आणि तो दोष शिजवून जात नाही. दोन-चार बिया चावून पाहिल्याशिवाय कूट करू नये. मिठाईसाठी मिळणारा भाजलेला किंवा खारवलेला मगजही घेऊ नये. चार माणसांसाठी 200 ग्रॅम बिया, 2 लाल ढोबळी मिरच्या, 1 मोठा कांदा, अर्धा किलो मटण किंवा कोंबडी, 300 ग्रॅम पालक आणि अंदाजे 600 मिलिलिटर मांसाचे पाणी हे प्रमाण माझ्या अनुभवात बिघडत नाही. पालक चिरून, पिळून, अगदी शेवटी घालावा. काही जण पालकाऐवजी मेथी सुचवतात. तिकडच्या कडूपानांच्या सूपला कडवट चव असते हे खरे, परंतु ती पानेही आपण कारले मीठ चोळून पिळतो तशी पुन्हा पुन्हा धुऊन, पिळून कडवटपणा काढूनच घालतात. मेथीच्या वासाने सूप थेट आपल्याच ताटात येऊन बसते, म्हणून मी ती घालत नाही.

प्रश्न : भेंडीचे सूप केले, पण ते फारच बुळबुळीत झाले. भेंडी आधी परतून किंवा कोकम घालून तार कमी करता येईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : करता येईल, परंतु मग ते भेंडीचे सूप राहणार नाही. आपल्याकडे भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करून चिरतात आणि आमसूल, ताक किंवा चिंच घालून तिची तार मोडतात, कारण आंबट पदार्थाने तिचा चिकट द्रव पातळ होतो. पश्चिम आफ्रिकेतील सुगरण नेमके उलट करते. तिला तार हवी असते. पळी उचलल्यावर ती तुटली तर सूप बिघडले असे ती समजते. त्याला कारण आहे. हे सूप नुसते पिण्यासाठी नसते. कसावा आणि याम हे कंद, मका किंवा तांदूळ यांच्या घट्ट उकडीचा लहान गोळा बोटांनी दाबून, त्यात बुडवून गिळायचा असतो. इंग्रजी बोलणाऱ्या नायजेरियन लोकांत त्या उकडीला ‘गिळण’ अशा अर्थाचेच नाव आहे. तो गोळा सहज घशाखाली उतरावा यासाठी ही बुळबुळ लागते.

तेव्हा अर्धी भेंडी किसावी, अर्धी अगदी बारीक चिरावी, चिरल्यावर धुऊ नये, टोमॅटो घालू नये आणि उकळत्या रश्श्यात झाकण न ठेवता पाच-सात मिनिटेच शिजवावी. तार वाढविण्यासाठी तिकडे चिमूटभर खनिज खार घालतात. आपल्याकडे चिमूटभर खाण्याचा सोडा ते काम करतो, मात्र जास्त पडला तर साबणासारखी चव येते. नैऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांच्या घरांत ज्या झाडापासून ताग निघतो त्याच कुळातील झाडाच्या कोवळ्या पानांचेही असेच सूप होते. ती पाने शिजवून काड्यांच्या छोट्या केरसुणीने पातेल्यातच घोटतात. आपल्या लाकडी रवीने ते काम उत्तम होते.

प्रश्न : दुकानात मिळणारे पाम तेल वापरले, पण सूप पांढरेफटक दिसले. — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या दुकानांतले पाम तेल शुद्धीकरणात रंग, वास आणि चव गमावून आलेले असते. तिकडचे तेल फळाच्या गरापासून काढलेले, गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यामुळेच शेंदरी-लाल झालेले असते आणि थंडीत तुपासारखे गोठते. तसे तेल मिळाले तर एगुसीसाठी ते नुसते गरम करावे. धूर निघेपर्यंत तापविले तर रंग आणि गंध दोन्ही उडतात. न मिळाल्यास शुद्ध केलेल्या पाम तेलापेक्षा आपले शेंगदाण्याचे तेल केव्हाही बरे. नायजेरियाच्या उत्तरेकडील हौसा स्वयंपाकात तेच चालते, त्यामुळे त्यात खोटेपणा काही नाही.

प्रश्न : आमच्या घरी मांस-मासळी चालत नाही. या सर्व सूपांमध्ये सुकी मासळी दिसते. शाकाहारी माणसाने हा नादच सोडावा काय? — एक वाचक, अकोला

उत्तर : मुळीच नाही, उलट आपल्यासाठी जे सूप सुचवीत आहे ते विदर्भातल्या बाजारात इतके सहज जमते की मलाच त्याचे नवल वाटते. उत्तर नायजेरियातील हौसा लोकांचे मियान ताउशे हे लाल भोपळ्याचे सूप आहे. त्यात भोपळा, शेंगदाण्याचे कूट, माठासारखी पालेभाजी आणि अंबाडीची आंबट पाने असतात. रूढ कृतीत मांस असते, परंतु भोपळा आणि दाणे यांनीच ते इतके भरते की मांसाची उणीव जाणवत नाही.

अर्धा किलो भोपळा फोडी करून मऊ शिजवावा आणि घोटून घ्यावा. दोन लाल ढोबळी मिरच्या, एक टोमॅटो, एक कांदा आणि एक तिखट मिरची वाटून शेंगदाण्याच्या तेलात पाणी आटेपर्यंत परतावी. मग भोपळा आणि भाजलेल्या दाण्यांचे पाऊण वाटी अगदी बारीक कूट घालून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत शिजवावे. येथे घाई केल्यास कच्च्या दाण्यांचा वास राहतो. शेवटी दोन मुठी माठ आणि एक मूठ चिरलेली अंबाडी घालावी. मोहरी-जिऱ्याची फोडणी, गूळ आणि गोडा मसाला यांचा मोह टाळावा. आपल्या उपवासाच्या दाण्याच्या आमटीशी हे सूप नाते सांगते खरे, कारण शेंगदाणा आफ्रिकेत आणि भारतात दोन्हीकडे अमेरिका खंडातूनच आला. परंतु जिरे पडले की ते नाते उरत नाही, आमटीच उरते.

चवळी आवडत असेल तर ती भिजवून, सोलून, मऊ शिजवून, घोटून, तेल आणि मिरची घालून योरुबांचे गबेगिरी करावे. चवळी मूळची आफ्रिकेचीच.

मांसाहारी वाचकांसाठी एक पुरवणी : तिकडच्या कृतींत ‘क्रेफिश’ असे लिहिलेले असते ते मोठे झिंगे नव्हेत, तर वाळवून दळलेली बारीक कोळंबी. कोकणातला सुका जवळा किंचित भाजून दळला की तेच काम करतो.

प्रश्न : पेकहॅममधील एका नायजेरियन दुकानातून ‘इरू’चे पाकीट आणले. उघडताच इतका उग्र वास आला की माल नासला असावा असे वाटते. टाकून द्यावे काय? — एक वाचक, लंडन

उत्तर : टाकू नका. इरू, ज्याला हौसा लोक दावादावा म्हणतात, ते एका मोठ्या शेंगाधारी रानवृक्षाच्या बियांचे असते. बिया तासन्‌तास उकडून, साले काढून, पुन्हा उकडून दोन-तीन दिवस झाकून आंबवतात, आणि तो वास त्या आंबवण्याचाच आहे. सुकट भाजताना ज्यांचे शेजारी खिडक्या लावून घेतात, त्यांना ही गोष्ट अधिक समजावण्याची गरज नसावी. माल खरोखरच बिघडला असेल तर बुरशीचे रंगीत ठिपके दिसतात. चार माणसांच्या सूपला एक मोठा चमचा पुरे. खडे असल्यास एकदा धुऊन ते कांद्याबरोबर गरम तेलात परतावे. तेलात पडताच वास पुष्कळ निवळतो आणि मागे मांसासारखी भरदार चव राहते. अकोल्याच्या वाचकांना कोणी इरू आणून दिले तर त्यांच्या भोपळ्याच्या सूपलाही हेच लागू आहे. पाकीट दोन डब्यांत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावे. एका डब्यात ठेवल्यास काय होते ते माझ्या घरच्या आइस्क्रीमने सांगितले आहे.

प्रश्न : सूपबरोबर खायची उकड साबुदाण्याच्या पिठाची करता येईल का? साबुदाणाही कसाव्याचाच असतो ना? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कसाव्याचाच असतो, परंतु साबुदाणा म्हणजे कंदातील निव्वळ पिष्ट. एबा ही तिकडची उकड ज्या गारीची करतात ती संपूर्ण कंद किसून, आंबवून, दाबून पाणी काढून आणि भाजून तयार होते. या खटाटोपात कंदातील विषारी अंश निघून जातो आणि हलका आंबूसपणा येतो. साबुदाण्याची उकड नुसती डिंकासारखी चिकट होईल. गारी मिळाली तर उकळत्या पाण्यात ती भुरभुरवावी, दोन-तीन मिनिटे झाकावी आणि लाकडी डावाने मळावी. न मिळाल्यास बारीक रव्याची उकड करावी. नायजेरियातील शहरांतही रव्याची उकड नेहमी होते. त्याहून चांगला उपाय म्हणजे हौसांचे तुवो शिन्काफा, ज्यासाठी आखूड आणि चिकट तांदूळ लागतो आणि आपला इंद्रायणी त्याला अगदी योग्य ठरतो. एक वाटी तांदूळ चार वाट्या पाण्यात गिजगा होईतो शिजवावा, पातेल्यातच डावाने जोर लावून घोटावा, मंद आचेवर आणखी पाच मिनिटे झाकून ठेवावा आणि ओल्या वाटीत घालून उपडा करावा. गरम असतानाच तो सूपशेजारी मांडावा, कारण थंड झालेला गोळा दाबला की भेगाळतो आणि मग त्यात सूप टिपता येत नाही.