अष्टावधानी मुलगा आणि बोटांचे ठसे

(मुलगा अकरावी सायन्सला आहे, एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचं म्हणतो. एका केंद्रात बोटांचे ठसे घेऊन 'मेंदूचा पुढचा भाग कमकुवत, एकावेळी अनेक कामं जमणार नाहीत' असा रिपोर्ट मिळाला. गणित सोडून बायोलॉजी घ्या, नाहीतर मल्टिटास्किंगचा कोर्स लावा, असा सल्लाही दिला. हे संशोधनाच्या आधारावर सांगतो, असंही म्हणाले. काय करू? — एक आई, इंदिरानगर, नाशिक)

ताई, आधी तो रिपोर्ट कपाटात ठेवा. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच ठरतात. त्यांवरून मेंदूचा कुठला भाग केवढा आहे, हे कळत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो.

पण त्या केंद्रवाल्यांनी ज्याचा आधार घेतला, ते संशोधन खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये १०० प्रौढांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांचे एमआरआय काढले, निम्म्यांकडून दोन कामं एकत्र करण्याचा सराव करून घेतला, बाकीच्यांना वेगळाच सराव दिला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या एका भागात ज्यांचं करड्या भागाचं (ग्रे मॅटरचं) प्रमाण जास्त होतं, त्यांची दोन कामांतली सुधारणा जास्त झाली. दुसऱ्या गटात असा संबंध दिसला नाही.

मात्र हा शंभर जणांमधला कल आहे. त्यावरून तुमच्या एकट्या मुलाचं भविष्य सांगणं म्हणजे जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून तुमच्या गच्चीवर किती थेंब पडणार ते सांगणं. शिवाय ती दोन कामं म्हणजे संगणकापुढची साधी बटणं दाबणं, विमानं उतरवणं नव्हे.

आणि मेंदू बदलतोही. लंडनचे रस्ते पाठ करणाऱ्या शिकाऊ टॅक्सीवाल्यांपैकी जे ३९ जण परीक्षा पास झाले, त्यांच्या स्मृतीशी संबंधित भागात करडा भाग वाढलेला आढळला. सुरुवातीला त्यांच्यात आणि नापास झालेल्यांत फरक नव्हता.

सरावाने नेमकं काय होतं? तुम्ही पोळ्या लाटता लाटता त्याचे पाढे म्हणवून घेतलेच असतील. ते जमलं, कारण लाटायला विचार लागत नव्हता. पहिल्या महिन्यात जमलं असतं का? दोन्ही कामांत निर्णय घ्यायचा असेल तर मेंदूच्या दारात रांग लागते. सरावाने दार रुंद होत नाही, प्रत्येक काम लवकर आटपतं. म्हणून विमान नियंत्रणाचा सराव त्याच कामाचा होतो, नोकरी लागल्यावर सिम्युलेटरवर. कॉलेज रोडवरच्या क्लासात रंगीत चौकोन दाबून ती तयारी होत नाही. कोर्सचे पैसे वाचवा.

तुम्ही लिहिलंत की तो गाणी, व्हॉट्सअ‍ॅप आणि फिजिक्स एकत्र करतो, 'अष्टावधानी आहे'. क्षमा करा, मला ते एक ना धड असं वाटतं. (मीही द्वारका सिग्नलला फोनवर बोलत असतो तेव्हा उड्डाणपूल चुकतोच.) आठवडाभर त्याला दहा गणितं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आणि दहा फोन जवळ ठेवून सोडवायला सांगा. वेळ आणि चुका त्यानेच वहीत लिहायच्या. तुम्ही काही बोलू नका.

विमानतळ प्राधिकरणाच्या या पदासाठी फिजिक्स-गणितासह बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, इंग्रजी स्पष्ट बोलता यावं लागतं, वैद्यकीय तपासणीही असते. त्यामुळे कॉलेजात गणित सोडण्याचा अर्ज दिला असेल, तर तो उद्याच मागे घ्या.